एटीपी बाहेर पडतं कुठून?

१९२९ साली एटीपी हा रेणू दोन ठिकाणी सापडला. जर्मनीत कार्ल लोमान यांनी तो स्नायूंच्या अर्कातून वेगळा केला. अमेरिकेत हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात सायरस फिस्के आणि भीमावरममध्ये जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव स्वतंत्रपणे त्याच रेणूपाशी पोचले. त्याच वर्षी केंब्रिजमध्ये ॲलन ड्रूरी आणि आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी हृदयाच्या स्नायूचा अर्क जनावरांच्या शिरेत टोचला. हृदयाचे ठोके मंदावले, रक्तवाहिन्या सैलावल्या. हे घडवत होती अडेनिनची संयुगं, म्हणजे एटीपीचीच भावकी. हे रेणू पेशीबाहेरूनही अवयवांना हुकूम देऊ शकतात, याची खूण तेव्हाच मिळाली होती. तिच्याकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही.

कारण एटीपीची ओळख लवकरच पक्की झाली. १९४१ मध्ये फ्रिट्झ लिपमान यांनी पेशीच्या ऊर्जाव्यवहाराचं सूत्र मांडलं आणि एटीपी म्हणजे ऊर्जेचं चलन, हे वाक्य पाठ्यपुस्तकांत कायमचं बसलं. इतक्या कष्टाने कमावलेलं चलन कुठली पेशी उंबऱ्याबाहेर उधळेल? बाहेर एटीपी दिसलंच, तर कुठली तरी पेशी फुटली असणार, असं धरून चालण्याची पद्धत पडली. १९५९ मध्ये पामेला होल्टन यांनी सशाच्या कानातली संवेदी चेता उत्तेजित केली की एटीपी बाहेर येतं, हे दाखवलं. तरीही सर्वसाधारण मत बदललं नाही.

ते बदलायला लावलं जेफ्री बर्नस्टॉक यांनी. १९५९ मध्ये ते मेलबर्न विद्यापीठात आले होते. गिनिपिगच्या अंधांत्रावरून जाणारी स्नायूची एक पट्टी ते आणि त्यांचे सहकारी द्रावणात ठेवून तपासत. त्या काळी आतड्याच्या चेतांचे दोनच संदेशवाहक मानले जात: असेटिलकोलीन आणि नॉरॲड्रेनॅलीन. अट्रोपीन देऊन पहिल्याचा परिणाम बंद केला, ब्रेटिलियम देऊन दुसऱ्याचा. आता विजेचा झटका दिला की तो थेट स्नायूला लागेल आणि पट्टी आखडेल, असा सगळ्यांचा अंदाज. पट्टी उलट सैल पडली. पुढे फुगू माशातलं टेट्रोडोटॉक्सिन वापरून चेता गप्प केल्या, तेव्हा हा प्रतिसादही नाहीसा झाला. म्हणजे संदेश चेतांचाच होता. फक्त तो नेणारं रसायन तिसरंच होतं.

१९७० मध्ये बर्नस्टॉक यांच्या गटाने एटीपीचं नाव पुढे केलं आणि १९७२ च्या मोठ्या लेखात त्यांनी अशा चेतांना ‘प्युरिनर्जिक’ म्हटलं. विरोध जोरदार झाला आणि बरीच वर्षं टिकला. १९९३-९४ मध्ये एटीपी ओळखणाऱ्या ग्राही प्रथिनांची जनुकं हाती आली, तेव्हा कुठे वादाची धार बोथट झाली. विरोधकांचा एक प्रश्न मात्र रास्त होता, असं म्हणावंच लागेल. पेशी धडधाकट असताना एटीपी बाहेर पडतं कसं?

पेशीच्या आत एटीपीचं प्रमाण बाहेरच्या मानाने लाखो पट असतं, म्हणजे बाहेर ढकलणारा जोर भरपूर. पण रेणूवर चार ऋणभार, त्यामुळे पेशीपटलाच्या मेदातून तो पार होत नाही. चेतापेशी एटीपी बारीक पुटिकांत भरतात आणि त्या पुटिका पटलाला भिडवून रिकाम्या करतात. तांबड्या रक्तपेशीत अशी सोयच नाही, तरी ऑक्सिजन कमी पडला की ती एटीपी सोडते. म्हणजे पटलातच उघडणारी एखादी मार्गिका असायला हवी.

२००० साली मॉस्कोत यूरी पानचिन आणि सहकाऱ्यांनी पॅनेक्सिन हे प्रथिनकुळ ओळखलं. २००४ मध्ये मायामीत गेरहार्ड डाल यांच्या प्रयोगशाळेत बेडकाच्या अंडपेशींवर ते बसवलं, पटलावर ताण दिला आणि मार्गिका उघडून एटीपी बाहेर आलं. २०१० मध्ये आणखी चकित करणारी गोष्ट कळली. मरायला टेकलेल्या पेशीत कॅस्पेज हे विकर पॅनेक्सिनचं शेपूट कापतं, मार्गिका उघडी राहते आणि बाहेर झिरपणाऱ्या एटीपीच्या मागावर भक्षक पेशी येऊन पोचतात. या मार्गिकेत सहा घटक असावेत असा समज होता. २०२० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ते सात निघाले.

सगळ्यात देखणा पुरावा मात्र जिभेवर मिळाला. गोड, कडू आणि उमामी ओळखणाऱ्या रुचिकलिकेतल्या पेशींना चेतांशी बोलायला नेहमीच्या पुटिका नाहीत. २००५ मध्ये थॉमस फिंगर यांच्या गटाने उंदरांमधली एटीपीची दोन ग्राही प्रथिनं, पी२एक्स२ आणि पी२एक्स३, काढून टाकली आणि चव चेतांपर्यंत पोचेनाशी झाली. एटीपी सोडणारी मार्गिका २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सापडली: सीएएलएचएम१. तिचं जनुक त्याआधी अल्झायमरच्या संशोधनात चर्चेत आलं होतं. २०१८ मध्ये तिची जोडीदार सीएएलएचएम३ ही कळली. चेतेला चिकटलेल्या जागी या पेशीत मोठाली तंतुकणिका असते आणि तिच्या समोरच्या पटलात या मार्गिका. साखर जिभेवर आली की पेशीत विजेचा स्पंद उठतो, मार्गिका उघडतात आणि एटीपी सरळ चेतेवर जातं.

पी२एक्स३ श्वसनमार्गाच्या चेतांवरही असतं आणि तिथे ते खोकला चेतवतं. म्हणून जुनाट खोकल्यावर त्याला अडवणारं गेफापिक्संट हे औषध निघालं. २०२२ मध्ये जपानने त्याला मान्यता दिली. खोकला कमी होतो, पण अनेक रुग्णांची चव बिघडते किंवा जाते, कारण जिभेच्या चेतांवर पी२एक्स३ हे पी२एक्स२ सोबत जोडीने बसलेलं असतं आणि औषध त्या जोडीलाही अडवतं. आता नव्या औषधांचा रोख एकट्या पी२एक्स३वर आहे.