तळटीप : आलियानोचे दूरपण

आलियानो हे दक्षिण इटलीतल्या बाझिलिकाता प्रदेशातले, चिकणमातीच्या झिजत चाललेल्या कड्यांवरचे डोंगरी गाव. मजकुरात ते ‘जगापासून तुटलेले’ म्हटले आहे, आणि आज तिथे जाणारे पुष्कळ प्रवासीही हीच समजूत बरोबर नेतात. या समजुतीला मोठा आधार कार्लो लेव्ही यांच्या ‘ख्रिस्त एबोलीलाच थांबला’ या १९४५च्या पुस्तकाचा. तूरिनचे हे चित्रकार व डॉक्टर फॅसिझमचे विरोधक. १९३५मध्ये सरकारने त्यांना या भागात स्थानबद्ध केले. (पुस्तकात गावाचे नाव ‘गाल्यानो’ आहे.) पण पुस्तकातलाच पुरावा वेगळे सांगतो. शेळ्यांवरचा कर गावात बिनचूक पोचला, पोलीस पोचले, राजकीय कैदीही पोचले; पोचले नाहीत ते धड औषधोपचार. दुसरीकडे, गावातली कितीतरी माणसे अमेरिकेला गेली होती आणि घराघरांत व्हिज्जानोच्या मादोन्नाशेजारी रूझवेल्टचे चित्र टांगलेले असे. रोमपेक्षा न्यूयॉर्क जवळ असलेल्या गावाला तुटलेले कसे म्हणावे?

रस्ते वाईट होते, मलेरिया होता, हे खरेच. मात्र करवसुली त्याच रस्त्यांनी होत होती, तेव्हा सगळा दोष डोंगराच्या माथी मारता येत नाही. ख्रिस्त आपल्यापर्यंत आलाच नाही असे गावकरी स्वतःच म्हणत, हा आक्षेप अधिक वजनदार. तरी ते भूगोलाचे वर्णन नव्हते. आपल्याला माणसांत धरले जात नाही, ही त्यांची तक्रार होती.