गज, कुंपण आणि गोचीड : एका रोगशोधाचा इतिहास

लखनौच्या बनारसी बागेत 1921 साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीप्रीत्यर्थ प्राणिसंग्रहालय उभारले गेले. आज ते नवाब वाजिद अली शाह प्राणी उद्यान म्हणून ओळखले जाते. सगळ्या बाजूंनी शहर असलेल्या अशा उद्यानात पिंजऱ्याचे गज वाघाला अडवतात, पण गोचिडाला अडवू शकत नाहीत. हरणांचा चारा, भटके कुत्रे, नव्याने आणलेला प्राणी यांपैकी कशाबरोबरही तो आत येतो. जंगलातला प्राणी जागा बदलतो. बंदिस्त प्राणी मात्र त्याच जमिनीवर पुन्हा पुन्हा बसतो. म्हणून येथे गोचीडजन्य रोगाचा धोका वेगळा ठरतो.

हा रोग कळला तो गुरांमुळे. रुमानियातील व्हिक्टर बाबेश यांनी 1888 मध्ये आजारी गुरांच्या रक्तपेशींत सूक्ष्म परजीवी पाहिले. त्यांच्याच नावावरून ‘बाबेसिया’ हा शब्द आला. तो पसरतो कसा, हे अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि एफ. एल. किलबोर्न यांनी 1889 पासून केलेल्या प्रयोगांतून सिद्ध झाले. त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. एका कुंपणात त्यांनी दक्षिणेकडील गोचीडग्रस्त गुरे आणि उत्तरेकडील निरोगी गुरे एकत्र ठेवली. उत्तरेकडील गुरे आजारी पडली. दुसऱ्या कुंपणात दक्षिणेकडील गुरांचे गोचीड हाताने वेचून काढले. तेथे रोग पसरला नाही. तिसऱ्या कुंपणात फक्त गोचीड टाकले. तेथे रोग आला. 1893 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रॉस यांचा डास आणि हिवतापाविषयीचा शोध त्यानंतर चार वर्षांनी लागला.

त्याच 1889 साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. घातक रोगजंतू वस्तीपासून दूर असावेत म्हणून 1893 मध्ये ती कुमाऊँतील मुक्तेश्वरला हलवली गेली. तीच आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था. तिचे मुख्य केंद्र आता बरेलीजवळ इज्जतनगरला आहे.

एवढे माहीत असूनही धोका संपलेला नाही. 2018 मध्ये गीरच्या दलखानिया परिसरात 23 सिंह मेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तपासलेल्या नमुन्यांत कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. काही सिंहांना बाबेसियाचीही लागण होती. आफ्रिकेतील सेरेंगेटीत 1994 मध्ये असेच घडले होते. एरवी बाबेसिया शरीरात गुपचूप राहतो. विषाणूने प्रतिकारशक्ती खचवली की तोच प्राणघातक ठरतो. गीरमधील काही सिंहांना पकडून बचाव केंद्रांत ठेवावे लागले आणि जंगलाचा प्रश्न पिंजऱ्याचा झाला.

या इतिहासातून व्यवस्थापनाचा नियम निघतो. औषधाने एक प्राणी बरा होतो, पण गोचिडाची मादी प्राण्यावरून गळून जमिनीवर हजारो अंडी घालते. म्हणून उपचार जमिनीचाही करावा लागतो : फटी बुजवणे, गवत कापणे, चारा तपासणे, नव्या प्राण्याचे विलगीकरण, नियमित रक्ततपासणी. स्मिथ आणि किलबोर्न यांनी रोग शोधला तो कुंपणाच्या रचनेतून. प्राणिसंग्रहालयात तो रोखायचा, तर सुरुवात तेथूनच करावी लागते.