मधाचे उष्टे

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून, कानात अत्तराचा फाया ठेवून जे वाचक हा अंक हाती घेतील, त्यांना एक प्रश्न विचारतो. तो एवढासा फाया दुपारपर्यंत दरवळत राहतो. मग तोच सुगंध मेणबत्तीत चमचाभर ओतला, तरी ती कधी कधी मुक्यानेच का जळते? हा प्रश्न मला हौसेने सुचलेला नाही. माझ्याच एका चुकीने तो माझ्यापुढे आणून उभा केला.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णामाई सांगलीत शिरली. साताऱ्याच्या शाळेत माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारी एक मुलगी तिथे सासरी नांदते. नवऱ्याचे छोटेसे दुकान त्या पाण्यात गेले. पुढे संसाराला हातभार म्हणून तिने स्वयंपाकघरातच सुगंधी मेणबत्त्या करायला घेतल्या. मेण सोयाबीनचे. दिवाळीची पहिलीच मागणी आली, पण नमुना पाहून दुकानदार म्हणाला, "बाई, वास कुठे आहे?" तिने मला फोन केला. मास्तरकीच्या सवयीने मी विचार न करताच सांगून टाकले, "सुगंध दुप्पट घाल." तिने घातला. मेणबत्त्यांना तेलाचा घाम फुटला, वाती गुदमरल्या, चाळीस मेणबत्त्या वाया गेल्या. "असू दे, गुरुजी," एवढेच ती म्हणाली. ते मला फार लागले.

माझे रसायनशास्त्र मॅट्रिकच्या पुस्तकापुढे गेलेले नाही. पण कादंबऱ्या लिहिणाऱ्याला जुने उकरण्याची खोड असते. मी इतिहासाची वाट धरली.

पहिला धागा शब्दांतच सापडला. आपला 'मेण' हा शब्द संस्कृत 'मदन' पासून आला, आणि मदन म्हणजे मधमाशीचे मेण. त्याला दुसरे नाव 'मधूच्छिष्ट', म्हणजे मधाचे उष्टे! आपल्या वाड्यांतल्या शामदानातली 'शमा' देखील अरबीत मूळची मेणच. ऐन-इ-अकबरीत सूर्यास्तानंतर सोन्यारुप्याच्या शामदानांत लावायच्या बारा 'कापुरी' मेणबत्त्यांची नोंद आहे. मेणबत्तीचे नाव पडले तेव्हा मेण माशीचेच होते, आणि ते श्रीमंतांनाच परवडे. कारण एक किलो मेण घडवायला माश्यांना सहा ते आठ किलो मध खर्ची घालावा लागतो, असे मधपाळ सांगतात.

हे मेण आमच्या सातारा जिल्ह्यात आजही मिळते. पूर्वी रात्री पलिते घेऊन पोळ्यावर जायचे, धूर करायचा, आणि मध, अंडी, मेण सारे एकत्र पिळायचे, वसाहतच उठायची. १९४६ साली महाबळेश्वरात सरकारी मधकाम सुरू झाले, पेट्या आल्या, आणि सातेरी माशीला मारल्यावाचून मध मिळू लागला. त्याच तालुक्यातले मांघर २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. तिकडून मी मेणाचा एक खडा आणला. जांभूळ, हिरडा आणि सात-आठ वर्षांनी फुलणारी कारवी यांचा ओलसर गोड वास त्याला होता. मात्र हे मेण ६२ ते ६४ अंशांपर्यंत तापल्याशिवाय वितळत नाही. स्वतःचा वास राखणारे आणि परक्याचा दाबून ठेवणारे असे ते मानी घराणे!

युरोपातले गोरगरीब तर चरबीच्या बत्त्या जाळीत आणि त्यांचा धूर व दुर्गंध सोशीत. शेव्ह्रल नावाच्या फ्रेंच रसायनज्ञाने चरबीतले घटक वेगळे काढले आणि १८२५ मध्ये त्यापासून कडक, स्वच्छ मेणबत्ती करण्याचे पेटंट घेतले. १८३० मध्ये जर्मन रसायनज्ञ रायशेनबाखला पॅराफिन गवसले. पुढे खनिज तेलातून ते मुबलक निघू लागले. आपल्याकडे आसामात दिगबोईचा तेलशुद्धीकरण कारखाना १९०१ साली सुरू झाला आणि तिथल्या मेणाचे नाव झाले. या मेणाला स्वतःचा वास जवळजवळ नाही. म्हणून दिलेला सुगंध ते मोकळ्या हाताने वाटते. सोयाबीनचे मेण मात्र अगदी अलीकडचे, विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातले. आमच्या कृष्णाकाठी शेतोशेत पिकणाऱ्या सोयाबीनचेच हे परदेशी रूप! तेल घट्ट करून बनवलेले हे मेण सुगंध धरून ठेवते आणि सावकाश सोडते.

तेव्हा ध्यानात आले की खोली सुगंधित करते ती ज्योत नव्हे. वातीभोवती साचलेले वितळलेले मेण. ज्योतीत शिरलेला सुगंध जळून जातो; तळ्यावरून उडणाराच आपल्यापर्यंत पोचतो. तळे पुरेसे रुंद व्हायला वात जाड हवी. शंभर ग्रॅम मेणात सहा ते दहा ग्रॅमांहून अधिक सुगंध मावत नाही. उरलेला घाम होऊन बाहेर येतो. माझी 'दुप्पट' नेमकी इथे बुडाली.

हे सारे घेऊन मी सांगलीला गेलो. मेणाचे भांडे पाण्याच्या पातेल्यात ठेवून वितळवले, सत्तर अंशांपर्यंत निवू दिले, शंभराला आठ ग्रॅम मोजून सुगंध घातला, संथ ढवळले. दुसऱ्या दिवशी लावून पाहिली, तर वास बेताचाच. मुलीचा चेहरा उतरला. कोपऱ्यात भाजी निवडणाऱ्या तिच्या सासूबाई म्हणाल्या, "गुरुजी, हरिपूरच्या पेवात हळद घातली, की दुसऱ्या दिवशी कुणी तोंड उकरून बघत होतं का?"

मी गप्पच झालो. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत हळद भरून तोंड लिंपून टाकीत; वर्षानुवर्षे ती तशीच राही. २००५ च्या महापुराने त्यातली बरीच पेवे बुडवली, पण म्हातारीच्या आठवणीतले पेव शाबूत होते. आम्ही झाकणे लावली आणि दोन आठवडे मेणबत्त्यांकडे पाहिलेही नाही. सोयाच्या मेणाला सुगंध मुरवून घ्यायला तेवढा वेळ लागतोच. मग फोन आला, "गुरुजी, ओसरीपर्यंत मोगरा येतोय!" दुकानदाराने मागणी कायम केली.

आणलेल्या मेणाच्या खड्यात काय घालू, असे तिने विचारले होते. यावेळी मी घाई केली नाही, घरी येऊन रात्रभर विचार केला आणि मग कळवले, "काही घालू नकोस. त्याचे त्याच्याजवळ आहे." त्याची एकच मेणबत्ती झाली. ती तिने विकली नाही. लक्ष्मीपूजनाला सासूबाईंच्या हातून लावली.