हर-२ : रोगाची खूण आणि औषधाचे लक्ष्यही

स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणी अहवालात 'हर-२' अशी एक नोंद असते. गाठीचा आकार केवढा आणि आजार काखेपर्यंत पोहोचला आहे का, या चिंतेत असलेल्या कुटुंबीयांचे तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. उपचार कोणते द्यायचे, हे मात्र बऱ्याच अंशी याच नोंदीवर ठरते. हर-२ हे मानवी शरीरातील एक प्रथिन आहे. रोगाचा प्रकार ओळखून देणारी जैविक खूण, म्हणजेच बायोमार्कर, आणि औषधाने वेध घ्यावा असे लक्ष्य, अशा दोन्ही भूमिका ते बजावते.

प्रथिनाचे कार्य

'ह्यूमन एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर रिसेप्टर-२' या नावाचे हे लघुरूप. या प्रथिनाचे जनुक सतराव्या गुणसूत्रावर असते. १,२५५ अमिनो आम्लांनी बनलेले हे प्रथिन पेशीच्या आवरणात आरपार रोवलेले असते. त्याचा बाहेरचा भाग शेजारच्या सजातीय प्रथिनांशी जोडी जमवतो आणि आतला भाग पेशीला वाढीचा व विभाजनाचा संदेश देतो.

निरोगी पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात. स्तनाच्या सुमारे १५ ते २० टक्के कर्करोगांत त्या अनेक पटींनी वाढतात. पेशीच्या पृष्ठभागावर या प्रथिनाची गर्दी होते आणि विभाजनाचा संदेश थांबतच नाही. जठराच्या काही कर्करोगांतही हाच प्रकार आढळतो.

शोधाचा प्रवास

अमेरिकेतील रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेला १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात उंदरांच्या गाठींमध्ये या जनुकाचा माग लागला. १९८५ मध्ये 'जेनेनटेक' कंपनीतील अ‍ॅक्सेल उलरिच व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी जनुकाची रचना उलगडली. लॉस एंजलिसचे डॉ. डेनिस स्लॅमन यांनी १९८७ मध्ये स्तनाच्या १८९ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील सुमारे ३० टक्के गाठींत जनुकाच्या प्रती वाढलेल्या होत्या आणि या स्त्रियांमध्ये आजार लवकर उलटत होता.

तोवर ही खूण केवळ वाईट बातमी देणारी होती. पुढे या प्रथिनाला बाहेरून चिकटून त्याचे काम रोखणारे प्रतिपिंड तयार करण्यात आले. तेच ट्रॅस्टुझुमॅब, म्हणजे 'हरसेप्टिन'. सप्टेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आजार प्राथमिक अवस्थेत असताना शस्त्रक्रियेनंतर हे औषध दिल्यास तो उलटण्याचा धोका जवळपास निम्म्याने घटतो, असे २००५ मध्ये जाहीर झालेल्या चाचण्यांतून दिसले.

अहवाल कसा वाचावा?

गाठीच्या तुकड्याला विशिष्ट रंगद्रव्य देऊन प्रथिनाचे प्रमाण तपासले जाते. निष्कर्ष शून्य, १+, २+ वा ३+ असा लिहिला जातो. ३+ म्हणजे 'पॉझिटिव्ह'. २+ हा निष्कर्ष संदिग्ध असतो. अशा वेळी 'फिश' या चाचणीने जनुकाच्या प्रती मोजून खात्री करून घेतात. ही दुसरी चाचणी टाळली, तर उपयुक्त औषध हुकण्याची किंवा निरुपयोगी महाग औषध माथी येण्याची शक्यता राहते.

तपासणीची अचूकता शस्त्रक्रियागृहापासूनच ठरते. काढलेला तुकडा तासाभरात फॉर्मेलिनमध्ये ठेवावा आणि तो त्यात ६ ते ७२ तास राहावा, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. त्यात हयगय झाल्यास अहवाल चुकू शकतो.

पूर्वी १+, तसेच २+ पण 'फिश' निगेटिव्ह, हे निष्कर्ष 'निगेटिव्ह' याच सदरात जात. ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्सटेकन हे नवे औषध प्रतिपिंडाच्या पाठीवर केमोथेरपीचे रसायन लादून थेट पेशीपर्यंत नेते. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेने ते अशा अल्प प्रमाण असलेल्या, पण शरीरात पसरलेल्या कर्करोगासाठीही मान्य केले. त्यामुळे अहवालातील नेमका आकडा महत्त्वाचा ठरू लागला आहे.

दुष्परिणाम आणि खर्च

हर-२ हृदयाच्या स्नायूंनाही आवश्यक असते. त्यामुळे या औषधाने हृदयाची क्षमता घटू शकते. उपचारांपूर्वी व उपचार सुरू असताना ठरावीक अंतराने इकोकार्डिओग्राम करावा लागतो तो यासाठीच. काही गाठी कालांतराने औषधाला दाद देईनाशा होतात, हीदेखील एक मर्यादा आहे.

खर्चाचा प्रश्नही मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये ट्रॅस्टुझुमॅबचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. त्याआधी २०१४ मध्ये बंगळुरूच्या 'बायोकॉन'ने त्याची जैवसदृश आवृत्ती भारतीय बाजारात आणली होती. जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात डेरुक्सटेकनवरील सीमाशुल्क माफ करण्यात आले. तरीही अनेक कुटुंबांना हा भार पेलवत नाही.

म्हणूनच बायोप्सीचा अहवाल हाती आल्यावर डॉक्टरांना दोन प्रश्न अवश्य विचारावेत. हर-२ ची तपासणी झाली आहे का? आणि निष्कर्ष २+ असल्यास 'फिश' केली आहे का?