भिंतीवरच्या खटक्याची गोष्ट

मागल्या भागात आपण कंदील आणि पेट्रोमॅक्सपर्यंत येऊन थांबलो होतो. आज पुढचं पाऊल, भिंतीवरचा खटका. कुणी बटण म्हणतं, कुणी स्विच. आमच्या रायपुरात तात्यापाऱ्यातली जुनी मराठी मंडळी अजून "बत्ती लाव" म्हणतात. विषय किरकोळ वाटेल. पण घरातल्या कोणत्या वस्तूला दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा हात लागतो, ते एकदा मोजून बघा.

तेलाच्या दिव्याला खटका नव्हता. दिवा लावायचा तर माणसाला दिव्यापाशी जावं लागे, आणि मालवायचा तरी जावं लागे. ("विझवायचा" म्हटलं की आजी रागवायची, हे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल.) विजेनं पहिल्यांदा दिवा आणि हात यांच्यात अंतर पाडलं. तेही लगेच नव्हे. सुरुवातीच्या विजेच्या दिव्यांची चावी होल्डरवरच असे, म्हणजे हात पुन्हा दिव्यापाशीच. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये १८८२ साली विजेचे दिवे लागले, तो हा काळ. घराघरांत वीज म्हणजे अजून दूरची गोष्ट होती.

खटका भिंतीवर आणण्यात मोठी अडचण ठिणगीची होती. चालू प्रवाह हळूहळू तोडला, तर दोन धातूंच्या मधल्या हवेतून प्रवाह उडी मारत राहतो, धातू जळतो आणि एक दिवस आगही लागते. इंग्लंडात न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स यांनी १८८४ मध्ये यावर तोड काढली. त्यांनी आत स्प्रिंग बसवली. तुम्ही बोट कितीही सावकाश फिरवा, एका टप्प्यानंतर स्प्रिंग आपल्याच जोरावर झटकन संपर्क तोडते. "खट्" असा आवाज येतो ना, तो त्या झटक्याचा. आपल्या भाषेनं त्या आवाजावरूनच नाव दिलं आणि माझ्या मते जगातल्या अनेक भाषांपेक्षा चांगलं दिलं.

पुढं बॅकेलाइट आलं. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये शोधलेलं हे काळं-तपकिरी प्लास्टिक उष्णता सोसतं आणि वीज वाहू देत नाही. लाकडी बोर्डावरची गोल काळी बटणं साठीतल्या लोकांच्या डोळ्यांसमोर आत्ता आली असतील. त्यानंतरची पांढरी पियानो बटणं तर सगळ्यांनीच पाहिली आहेत. खाली दाबलं की चालू, ही आपली सवय इंग्रजांकडून आलेली आहे. अमेरिकेत वर केलं की चालू.

एक नियम इथं सांगितलाच पाहिजे, कारण त्यात जीव अडकलेला आहे. खटका फेजच्या तारेवरच हवा, न्यूट्रलवर नको. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी हे स्पष्ट केलं. न्यूट्रलवर खटका बसवला तरी दिवा बंद होतोच, म्हणून घरच्यांना शंका येत नाही. पण होल्डरमध्ये वीज तशीच उभी असते. बल्ब बदलायला स्टुलावर चढलेल्या माणसाला ती दिसत नाही. सैन्यात जुन्या बराकींची तपासणी करताना टेस्टर घेऊन आम्ही सगळ्यात आधी हेच बघायचो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आज बाजारात "प्रोग्रामेबल" खटके मिळतात. एकदा दाबलं तर दिवाणखान्याचा दिवा, दोनदा दाबलं तर सगळं घर बंद, दाबून धरलं तर फक्त पॅसेजमधला मंद दिवा. लोकांना वाटतं, हे संगणकाच्या युगातलं डोकं आहे. मला तसं वाटत नाही. खटक्याला अक्कल शिकवण्याचं काम आपले मिस्त्री फार आधीपासून करत आले आहेत आणि ते नुसत्या तांब्याच्या तारेत करत आले आहेत.

जिन्याचा दिवा घ्या. खाली एक खटका, वर एक, दिवा एकच. खालून लावा, वरून मालवा. हे टू-वे वायरिंग. इथं एक मोठी गोष्ट घडली आणि कुणाच्या लक्षातही आली नाही. साध्या खटक्याकडे पाहून दिवा चालू की बंद ते कळतं. जिन्याच्या खटक्याकडे पाहून कळत नाही. तो वर असला तरी दिवा चालू असू शकतो आणि बंदही. खटक्याची जागा आणि दिव्याची स्थिती यांची फारकत तिथंच झाली.

त्याहून सुंदर आहे ते गोदाम वायरिंग. आयटीआयमध्ये वायरमनचा अभ्यास केलेल्या कुणालाही विचारा. लांबलचक गोदाम, एका ओळीत दिवे, आत जाणारा एकटा चौकीदार. दारातला पहिला खटका दाबला की पहिला दिवा लागतो. पुढं जाऊन दुसरा दाबला की दुसरा लागतो आणि पहिला आपोआप मालवतो. तिसरा दाबला की दुसरा मालवतो. परतताना तेच उलट्या क्रमानं. चौकीदार जिथं आहे तिथं उजेड, बाकी अंधार, आणि एका वेळी एकच दिवा. पहिला खटका साधा, पुढचे सगळे टू-वे, बस्स. प्रत्येक टू-वे खटका विजेला विचारतो, "मागच्या दिव्याला देऊ की पुढं पाठवू?" हा प्रोग्राम नाही तर काय आहे? फरक इतकाच की बदल करायचा तर भिंत फोडावी लागते.

भिंत न फोडता बदल करण्याची पहिली मोठी खटपट स्कॉटलंडमधल्या पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनं १९७५ च्या सुमारास केली. तिचं नाव एक्स-टेन. युक्ती अशी की निरोप पाठवायला वेगळी तार नाही. घरात जी विजेची तार आहे तिच्यावरूनच १२० किलोहर्ट्झचा बारीक संकेत पाठवायचा. घराला १६ अक्षरांपैकी एक, उपकरणाला १६ आकड्यांपैकी एक, म्हणजे एकूण २५६ पत्ते. पण एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या शेजाऱ्यानं तुमचंच अक्षर निवडलं तर त्यानं बटण दाबल्यावर तुमचा दिवा लागायचा. गंमत वाटते, पण लष्करात संदेशवहनाचा पहिला धडा हाच असतो, की आपला निरोप आणि दुसऱ्याचा निरोप एकमेकांत मिसळता कामा नये.

मग रेडिओ आला. झिगबीचं मानक २००४ मध्ये आलं. २०१४ मध्ये चीनच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी ८२६६ ही वायफायची चिप आली आणि ती इतकी स्वस्त होती की हौशी मुलांनी घरच्या घरी खटके बनवायला सुरुवात केली. २०२२ च्या ऑक्टोबरात मॅटर हे मानक आलं, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तूंनी एकमेकांशी बोलावं यासाठीचा करार.

या उपकरणांना स्वतः जागं राहायला थोडी वीज लागते, म्हणून बोर्डात फेजबरोबर न्यूट्रलही लागते. अमेरिकेतल्या अनेक जुन्या घरांत खटक्याच्या डबीत न्यूट्रल नसते आणि तिथल्या लोकांची इथंच अडचण होते. आपल्याकडे बहुतेक बोर्डांवर दोन-चार खटक्यांसोबत एक प्लग असतोच, मोबाइलसाठी नव्हे, इस्त्री आणि रेडिओच्या काळापासून. प्लगला न्यूट्रल लागते, म्हणून ती बोर्डात आधीच आलेली आहे. आपल्या मिस्त्र्यांच्या एका साध्या सवयीचा पन्नास वर्षांनी असा उपयोग झाला. फक्त जिन्यातल्या किंवा पलंगाजवळच्या एकट्या खटक्यापाशी ती सापडेलच असं नाही. न्यूट्रलशिवाय चालणारी उपकरणंही मिळतात, पण ती दिव्यातूनच थोडा प्रवाह ओढतात, म्हणून बंद केलेला एलईडी रात्री अंधुक मिणमिणतो. घाबरू नका, भूत नाही. मात्र असा खटका बंद आहे म्हणून होल्डरला हात लावू नका. आधी एमसीबी खाली करा.

आता घरची गोष्ट. माझ्या आईची नजर काही वर्षांपूर्वी गेली. तरी तिन्हीसांजेला दिवेलागण तीच करायची. देवापाशी निरांजन, मग भिंतीला हात लावत प्रत्येक खोलीत. ती उजेड पाहत नव्हती, खटका चाचपत होती. खाली असेल तर दिवा लागलेला आहे. रात्री झोपताना पुन्हा फेरी, कुणी दिवा विसरला असेल तर मालवायला. आम्ही नव्या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा भिंतीवर काचेची सपाट पाटी बसवलेली होती. दिसायला झकास. पण काचेवर चढ-उतार नाही, खट् नाही. आई दोन दिवस भिंतीवर हात फिरवत राहिली आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खुर्चीतून उठलीच नाही. "लागले का रे दिवे?" असं विचारायला लागली. पंचाऐंशी वर्षांच्या बाईचं घरातलं एक काम गेलं होतं.

मिस्त्रीला बोलावलं. त्यानं तीन खोल्यांतल्या पाट्या काढून साधे खटके बसवले आणि प्रोग्रामचं उपकरण बोर्डाच्या मागं सरकवलं. त्या उपकरणात एक सोय असते, दिव्यानं खटक्याच्या जागेप्रमाणे वागावं अशी. खाली म्हणजे चालू, वर म्हणजे बंद. पण नातीनं फोनवरून दिवा बंद केला की खटका खालीच राहतो आणि आजीचं बोट फसतं. शेवटी आईच्या खोलीत, देवघरात आणि मधल्या पॅसेजमध्ये उपकरण ठेवलंच नाही, नुसतं तांबं. बाकी घर फोनवर चालतं. बाहेरच्या फाटकाचा दिवा सूर्यास्ताला आपोआप लागतो आणि मला ते आवडतं, हेही सांगतो.

ज्यांना सगळं घर अॅपवर न्यायचं आहे, त्यांनी एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेत काय झालं ते ऐकावं. इन्स्टिऑन नावाच्या जुन्या कंपनीनं ग्राहकांना न सांगता एके दिवशी आपले सर्व्हर बंद केले. फोनवरून दिवे लागेनात, वेळापत्रकं हुकली. भिंतीवरची बटणं मात्र चालत होती, म्हणून लोक अंधारात बसले नाहीत. पुढं काही ग्राहकांनीच एकत्र येऊन ती कंपनी विकत घेतली. विकत घेताना दुकानदाराला म्हणूनच एवढं विचारा, इंटरनेट गेल्यावर भिंतीवरचं बटण चालतं का? आणि वीज जाऊन आली की दिवा आधी होता तसाच राहतो, की पहाटे तीनला घरभर झगझगाट होतो? एनटीपीसीचं कोरबा केंद्र १९८३ पासून वीज बनवतंय, तिचा वाटा महाराष्ट्र आणि गोव्यापर्यंत जातो. तरी वैशाखातलं वादळ आलं की आमच्या रायपुरात बत्ती गुल होते ती होतेच.

पुढल्या भागात याच बोर्डावरचा शेजारी, पंख्याचा रेग्युलेटर. तो जुना डबा इतका गरम का व्हायचा आणि पंखा हळू केला तरी बिल फारसं का उतरायचं नाही, ते बघू. जय हिंद.