लिस्बनचा लांकडी पिंजरा व आपले खण

मराठी माणूस घराचें माप खणांत सांगत आला आहे. चार खणांचें घर, सात खणांची ओसरी, असे शब्द जुन्या कागदपत्रांतून वारंवार आढळतात. खण म्हणजे खांबांच्या दोन ओळींमधील जागा. घर भिंतींवरून न मोजतां खांबांवरून मोजावें, यांत एक जुनें शहाणपण सांठलेलें आहे. भार खांबतुळयांनीं वाहावा, भिंतीनें आडोसा द्यावा, हें तें शहाणपण होय. परंतु तेवढ्यानें घर भूकंपांत टिकतें काय? ह्या प्रश्नाचा विचार करितांना पोर्तुगालची राजधानी लिस्बन हिच्या पुनर्रचनेचा वृत्तांत आम्हांस फार बोधप्रद वाटला. तो येथें थोडक्यांत देत आहों.

ता. १ नोव्हेंबर १७५५ हा ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा सण. सकाळीं साडेनऊच्या सुमारास, माणसें देवळांत जमलीं असतां, लिस्बन येथें प्रचंड भूकंप झाला. मागोमाग समुद्राच्या लाटा शहरांत शिरल्या, आणि जी आग लागली ती कित्येक दिवस धुमसत राहिली. हजारों माणसें दडपून, बुडून व जळून मेलीं. राजा पहिला जोसे याचा प्रधान कार्व्हालो, जो पुढें मार्किस द पोंबाल या पदवीनें प्रसिद्ध झाला, त्यानें सर्व सूत्रें हातीं घेतलीं. मुख्य इंजिनियर मानुएल द माया हा त्या वेळीं ७८ वर्षांचा होता. पांच आठवडेही लोटले नव्हते तोंच, ४ डिसेंबर रोजीं, ह्या वृद्धानें आपल्या प्रबंधाचा पहिला भाग सादर केला. शहर होतें तसेंच उभारावें येथपासून तें सोडून दुसरीकडे वसवावें येथपर्यंत सर्व मार्ग त्यानें तोलून पाहिले. अखेर सखल भागांतील जुन्या गल्ल्या मोडून सरळ व रुंद रस्त्यांचें नगर आखण्याचें ठरलें. आराखड्याचें काम एउजेनियु दुश सांतुश व कार्लुश मार्देल ह्या लष्करी इंजिनियरांकडे आलें.

ह्या नव्या घरांच्या पोटांत जी लांकडी चौकट घातली, तिला पोर्तुगीज भाषेंत 'गायोला' म्हणजे पिंजरा हें नांव पडलें. तिची रचना अशी. नदीकांठची जमीन भुसभुशीत, म्हणून पायाखालीं पाइन लांकडाचे खुंट ठोकले. तळमजला दगडी व कमानींचा केला. त्याच्या वर पिंजरा सुरू होतो. उभे वासे, आडवे वासे, आणि त्यांच्या चौकोनांत एकमेकांस छेदणारे दोन तिरपे वासे, अशी आंतील भिंतींची मांडणी. मधल्या पोकळींत दगडविटांचे तुकडे व चुना भरून गिलावा केला, म्हणजे लांकूड दृष्टीआड होई. बाहेरची भिंत दगडीच राहिली, पण ती पिंजऱ्यास जखडलेली.

सारें मर्म तिरप्या वाशांत आहे. चार वाशांचा चौकोन बाजूनें ढकलला तर सांधे फिरून तो कलतो. त्यांत कर्ण घातला कीं त्याचे त्रिकोण होतात, आणि बाजू मोडल्याखेरीज किंवा सांधा सुटल्याखेरीज त्रिकोणाचा आकार बदलत नाहीं. शिवाय लांकूड दगडाहून पुष्कळ हलकें. वजन कमी म्हणून हादऱ्याचा जोरही त्या मानानें कमी. दगडी भिंत दाब सोसते, ताण सोसत नाहीं. लांकूड दोन्ही सोसतें, आणि सांध्यांत थोडें लवून धक्क्याची शक्ति जिरवितें.

पिंजऱ्याचा नमुना चौकांत उभारून त्याभोंवतीं सैनिकांस पावलें आपटीत चालविलें व त्याची परीक्षा घेतली, अशी कथा सांगतात. तिच्यावर विसंबण्याचें कारण नाहीं. विसाव्या शतकाच्या अखेरीस लिस्बनच्या प्रयोगशाळेंत जुन्या इमारतींतून काढलेल्या अशा भिंती मागेंपुढें ढकलून पाहिल्या, तेव्हां त्या पुष्कळ कलूनही एकाएकीं ढांसळल्या नाहींत. मात्र १७५५ एवढा मोठा धक्का लिस्बनला पुन्हां बसलेला नाहीं. आणि मधल्या काळांत कित्येक घरांवर मजले चढविले गेले, दुकानांसाठीं आंतील भिंती काढल्या गेल्या. जेथें भिंत काढली तेथें पिंजराही तुटला, कारण तो त्या भिंतींतच होता.

आतां आपल्याकडे वळूं. ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर पहांटे चारच्या सुमारास, किल्लारी व भोंवतालचीं गांवें भूकंपानें उध्वस्त झालीं. लातूर व उस्मानाबाद (आजचें धाराशिव) ह्या जिल्ह्यांत सुमारें आठ ते दहा हजार माणसें मेलीं. धक्क्याची तीव्रता ६.२ च्या आसपास, म्हणजे लिस्बनच्या मानानें कितीतरी कमी. पण तो अगदीं पायाखालीं बसला. मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदावरील मातीचा जड थर झोंपलेल्या माणसांच्या अंगावर आला. ह्या घरांतही खण होते. जेथें चौकट सुदृढ होती, तेथें भिंत पडूनही माळवद खांबांवर उभें राहिल्याचीं उदाहरणें दिसलीं. परंतु खांबतुळयांच्या चौकोनांत कर्ण नव्हता, भिंत चौकटीस बांधलेली नव्हती, आणि भिंतीच्या आंतल्या व बाहेरच्या थरांस सांधणारे आरपार दगड बहुधा नव्हते.

तेव्हां जुनीं घरें सरसकट टाकाऊ म्हणणारा आणि जुनें तें सर्व सोनें म्हणणारा, दोघेही अर्धेंच पाहतात. खण हा पिंजऱ्याचा अर्धा भाग होय. भार वाहण्याची विद्या आपल्या सुतारांस पुरी अवगत होती. हादरा क्वचितच येणाऱ्या मुलखांत तो अडविण्याची गरज त्यांस भासली नाहीं. लिस्बनकरांनीं ती विद्या एका दिवसाच्या अनर्थांतून मिळविली.

आज गांवोगांवचे वाडे पाडले जात आहेत आणि त्यांचें लांकूड बाजारांत विकलें जात आहे. खांब तुळईंत कसा बसविला होता, कोठें तिरपें लांकूड होतें काय, भिंत चौकटीस कशी धरली होती, हें मोजून टिपून ठेवणारा मनुष्य मात्र तेथें क्वचितच असतो. सनदा व बखरी जपण्याइतकेंच हें कामही संशोधकांचें आहे, असें आम्हांस वाटतें. कागद नष्ट झाला तर एखादी हकीकत बुडते; चौकटीचें ज्ञान नष्ट झालें तर त्याची किंमत पुढच्या भूकंपांत माणसांच्या जिवानें द्यावी लागते.