सांताक्रूझचे तीन राजपुत्र

कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ हे किनारी गाव सर्फिंग आणि स्केटबोर्डिंगचे माहेरघर मानले जाते. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर लाटेवर स्वार होण्याची सर्वांत जुनी ज्ञात नोंदही इथलीच. ‘डेली सर्फ’ या स्थानिक वृत्तपत्राच्या २० जुलै १८८५ च्या अंकातली. मात्र त्या नोंदीतले स्वार अमेरिकन नव्हते.

हवाई तेव्हा स्वतंत्र राज्य होते. राणी कपिओलानीचे तीन भाचे, डेव्हिड कवानानाकोआ, एडवर्ड केलिइआहोनुई आणि जोना कुहियो, सॅन मातेओच्या लष्करी शाळेत शिकत. सुटीत सांताक्रूझला आले असता स्थानिक रेडवूडच्या फळ्या घेऊन ते सॅन लोरेन्झो नदीच्या मुखाशी लाटांवर उतरले. मायदेशी मिशनऱ्यांच्या नापसंतीमुळे मागे पडत चाललेली ही विद्या परक्या किनाऱ्यावर अशी प्रकट झाली.

एडवर्ड १८८७ मध्ये वारला. १८९३ मध्ये हवाईची राजसत्ता उलथवली गेली आणि १८९८ मध्ये बेटे अमेरिकेत विलीन केली गेली. मधल्या १८९५ च्या उठावापायी कुहियोने तुरुंगवास भोगला. पुढे तोच हवाईचा प्रतिनिधी म्हणून अमेरिकी काँग्रेसमध्ये बसला.

विसाव्या शतकाच्या मध्यास कॅलिफोर्नियातील सर्फरांनी फळीला चाके लावून लाटेची लय रस्त्यावर आणली. १९७३ मध्ये ‘सांताक्रूझ स्केटबोर्ड्स’ याच गावी सुरू झाली आणि गावाचे नाव जगभर गेले. राज्य गेले त्याचे दस्तऐवज झाले. खेळ हातोहात गेला, त्याचे झाले नाहीत. म्हणूनच ती जुनी बातमी मोलाची आहे. हा खेळ त्या मुलांच्या बेटांचा, असे तिच्यात स्पष्ट म्हटले आहे.